अंबडच्या काकांना, गाडीच्या एका बारसाठी मनापासून आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे आभार गॅरेजमध्ये येऊनही मानता आले असते. पण नाशिकात आता गल्लोगल्ली थार उभ्या दिसतात, त्या तयारही आपल्याच सातपूरला होतात. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्या मालकांपर्यंत पोहोचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

इगतपुरीकडच्या दगडी चढांवर माझ्या गाडीचं एक मागचं चाक उचललं जायचं आणि हवेत फिरत राहायचं. ज्याला विचारावं तो सांगायचा, स्टॅबिलायझर बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ती आडवी दांडी, काढून टाक, गाडी मोकळी होईल. तेच काम घेऊन मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही पाना हातात घेण्याआधी मला गाडीखाली बोलावलंत आणि हा बार नेमकं करतो काय ते दाखवलंत. काका, त्याबद्दल मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे.

दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार आपल्या बुशांमध्ये, म्हणजे रबरी आधारांमध्ये, नुसता फिरतो, कसलाच विरोध करत नाही. एक वर आणि एक खाली गेलं की मात्र धुतलेलं धोतर पिळावं तसा तो पिळला जातो आणि सरळ व्हायला बघतो. वळणावर गाडी झुकत नाही ती याच जोरामुळे. दगडावर हाच जोर उलटा पडतो: वर चढलेलं चाक खड्ड्यातल्या चाकालाही वर ओढतं, त्याच्यावरचं वजन जातं आणि पकड सुटते. बार किती ताठ असेल हे त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं, हेही तुम्हीच सांगितलंत. २५ मिलिमीटरच्या जागी २८ चा टाकला तर ताठपणा दीडपटीहून जास्त होतो! नुसता हाताने बघून हे कधीच लक्षात आलं नसतं.

मग तुम्ही माझा उत्साह थोडा आवरलात, तेही बरं केलंत. या थारला पुढे दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. तिथे चाकाची हालचाल शेवटी चाक धरणारे आर्म, चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट आणि चाकाला फार वर जाऊ न देणारा बंप स्टॉप यांच्यावरच अडते, त्यामुळे बार सोडून फार काही हाती लागत नाही. मागे दोन्ही चाकं एकाच सलग ॲक्सलवर आहेत, खरा फायदा तिथे. एवढं सांगून थांबला नाहीत. एका बाजूला जॅक लावून ॲक्सल पूर्ण तिरका केलात आणि ब्रेकचा होज ताणतोय का, एबीएसची वायर ओढली जातेय का, शॉकअपची लांबी कुठे संपतेय, सगळं तपासलंत. पैसे घेऊन लिंकचे, म्हणजे बारचं टोक जोडणाऱ्या छोट्या दांडीचे, नट सोडायला दहा मिनिटं पुरली असती. तुमची अर्धी दुपार गेली.

आणि बार कायमचा काढून द्यायला तुम्ही साफ नकार दिलात. जीपच्या रँग्लर रुबिकॉनला पुढचा बार बटणाने सुटतो, पण वेग ताशी २९ किलोमीटरच्या आसपास गेला की तो आपोआप परत जोडला जातो. आपल्या गाडीत ते काम आपणच करायचं, हे तुम्ही माझ्या मनावर पक्कं बिंबवलंत. बारशिवाय कसारा घाटात किंवा हायवेला अचानक स्टिअरिंग मारावं लागलं तर गाडी किती झुकेल, हे तुम्ही इतकं स्पष्ट सांगितलंत की आता डांबर लागण्याआधी माझा हात आपसूक पान्याकडे जातो. दगडातसुद्धा आडव्या उतारावर बार सुटलेली गाडी जास्त कलते, तिथे जपूनच जायचं.

जोडणं-सोडणं सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून. तिरक्या जागेवर बारवर ताण असतो, लिंक झटक्यात निसटते. सोडल्यावर दोन्ही बाजू होज आणि टायरपासून लांब घट्ट बांधायच्या. परत जोडताना नायलॉनचा नट ढिला वाटला तर सरळ नवा लावायचा. हे सगळं तुम्ही माझ्याकडून माझ्याच हातांनी करून घेतलंत. तुम्ही शेजारी उभे होतात, मदतीला मात्र हात लावला नाहीत.

आता त्याच चढावर मागची दोन्ही चाकं जमीन धरून चालतात. बॉडी डोलत नाही, ॲक्सल खालच्या खाली आपलं काम करतो. शेजारी बसलेल्या माझ्या आईनेसुद्धा वरची मूठ सोडली.

त्या दुपारचे पैसे तुम्ही घेतले नव्हते. मागच्या लिंकच्या बुशांना बारीक चिरा दिसायला लागल्या आहेत, रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. या वेळी दोन्ही कामांचं बिल करा, काका.

तुमचा,
थारवाला