‘गाओकाओ’च्या बातम्यांत न दिसणारे घर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जूनच्या ७ तारखेला चीनमध्ये ‘गाओकाओ’ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा सुरू झाली, की तिथल्या मुलांच्या जिद्दीच्या बातम्या छापून येतात. २०२४ साली १ कोटी ३४ लाखांहून अधिक जणांनी नावे नोंदवली होती. पण या मुलांच्या पोटात खरा गोळा येतो तो तीन वर्षे आधी, नववीनंतरच्या ‘झोंगकाओ’ या प्रवेश परीक्षेला. तिथे मागे पडलेल्यांना सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळा मिळत नाही, व्यावसायिक शाळेत जावे लागते. वय जेमतेम पंधरा.

घराघरातला दबावही एकसारखा नसतो. आज झोंगकाओ-गाओकाओला बसणारी मुले २०१६ पूर्वीची, एक-मूल धोरणाच्या काळातली. शहरात आईवडील आणि दोन्हीकडचे आजीआजोबा अशा सहा जणांचे डोळे एकाच गुणपत्रिकेवर. खेड्यातले मूल आजीजवळ असते आणि आईवडील दूरच्या शहरात मजुरीला. सोबत नेले, तरी ‘हुकोऊ’ या मूळ गावाशी बांधलेल्या रहिवासी नोंदणीमुळे अनेकांना गाओकाओसाठी मूळ प्रांतात परतावे लागते. या मुलाला कुणी रागावत नाही, पण आईवडिलांच्या कष्टांचे ओझे त्याच्या मनावर असतेच. हा अबोल दबाव मला अधिक जाचक वाटतो.

जुलै २०२१ मध्ये सरकारने नववीपर्यंतच्या शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली. चांगल्या शाळांतल्या जागांची चुरस मात्र तशीच राहिली आणि ऐपत असलेल्यांनी शिक्षक घरी बोलावले.

भीतीने गुण का जातात? गणित सोडवताना मधल्या पायऱ्या डोक्यात धराव्या लागतात. तीच जागा काळजी अडवते. पाठांतराला हा फटका कमी, अनेक पायऱ्यांच्या उदाहरणाला जास्त. पालक मात्र ‘अभ्यास कमी पडला’ म्हणून जागरण वाढवतात आणि दुसऱ्या दिवशी चुका वाढतात. चिनी शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्येच उच्च माध्यमिकसाठी ८ आणि सातवी ते नववीसाठी ९ तास झोप सांगितली आहे.

सराव परीक्षेनंतर वर्गातला क्रमांक बाजूला ठेवून गेलेले गुण तीन भागांत मांडावेत: मुळात न येणारे, वेळ न पुरलेले, येत असून घाबरून चुकलेले. तिसऱ्या भागावर जादा धडे देऊन काही होत नाही. तिथे खऱ्या वेळेचा सराव हवा. गाओकाओचा गणिताचा पेपर दुपारी ३ ते ५ असतो, तर सरावही त्याच दोन तासांत, घड्याळ लावून, मध्ये न उठता करावा. दूरच्या पालकांनी फोनवर गुण विचारण्याआधी झोप विचारावी. झोप न लागणे, उलट्या होणे किंवा शाळा टाळणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर हे वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे.

आपला,
एक वाचक