बाबांच्या कानातली शिट्टी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू म्हणालीस, बाबा रात्री उठून विचारतात, रातकिडे एवढे काहून ओरडून राहिले? बाबा, ते रातकिडे नाहीत, आवाज तुमच्या कानातलाच आहे. आणि ‘वय झालं’ म्हणून तो सोडून देऊ नका.

सोयाबीन हडंब्यातून मळून काढलं की कुटाराच्या धुळीनं तुमचं नाक दरवर्षी चोंदतं. धुऱ्यावरचं गाजरगवत आहेच. नाकाच्या मागून मधल्या कानात एक बारीक नळी जाते. ॲलर्जीनं ती सुजली की कानातला हवेचा दाब बिघडतो, दडे बसतात, शिट्टी वाजते. हडंब्याचा आवाजही कानाला घातकच. आपल्याकडं कापसाला तोटा नाही, पण कानात त्याचा बोळा घालून तो आवाज फारसा अडत नाही.

माझा खरा राग त्या सर्दीच्या गोळीवर आहे. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते तिच्यात बहुतेकदा फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिलं रक्तवाहिन्या आवळतं, बीपी वाढवू शकतं, आणि बीपी वाढलं की कानातला आवाजही जास्त जाणवू शकतो. म्हणजे सकाळी बीपीची गोळी घ्यायची आणि दुपारी तिच्यावर पाणी ओतायचं! दुसऱ्यानं झोप येते, प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडू शकते. (रात्री किती वेळा उठता, हे तुम्ही आईलाही खरं सांगत नाही.) नाकातले ते झायलोमेटाझोलिनचे थेंब तर 3 ते 5 दिवसांच्या वर टाकले की नाक उलट जास्त चोंदतं. तुम्ही दिवाळीपासून टाकताय.

गुडघेदुखीच्या गोळ्यांनीही कान वाजू शकतात. पण बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी मनानं बंद करू नका.

यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथं दाखवा. घरातल्या गोळ्यांच्या साऱ्या पट्ट्या आणि ती थेंबांची बाटली पिशवीत न्या. ऐकू येण्याची तपासणी करून घ्या. ॲलर्जीसाठी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला तर दोन दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून टाकून देऊ नका, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात.

आई, लसणाचं गरम तेल त्यांच्या कानात घालू नको. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, वावरातलं काम तसंच राहू द्या.

तुरीच्या वेळी हडंब्यावर माणूस लावा, पैसे मी पाठवतो.

तुमचा,
प्रशांत