आमटीला पानातून उठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला पेलिओ आहारावरचा लेख वाचला. धान्यं, कडधान्यं, दूध, साखर आणि पाकिटातलं सगळं बंद. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालू. असं खाल्लं की वजन उतरतं आणि अंगात ताकद येते, कारण आपलं शरीर अजून अश्मयुगातल्या माणसाचंच आहे, असा लेखाचा सूर होता. त्यातल्या निम्म्या गोष्टींना माझा पाठिंबा आहे. चहाबरोबरची खारी, संध्याकाळचं फरसाण, उठसूट गोडधोड हे कोणत्याही नावाखाली थांबलं तर चांगलंच. भात-पोळी थोडी कमी करा म्हटलं तरी माझी ना नाही. तक्रार आहे ती 'डाळी व कडधान्ये पूर्ण वर्ज्य' या एका ओळीबद्दल.

ही ओळ आता आमच्या शिरूरच्या जिममधूनही छापील यादीत मिळते. माझा पुतण्या त्या यादीप्रमाणे जेवतो. पिठलं नाही, आमटी नाही, ताक नाही, थालीपीठ तर नाहीच. शेंगदाणासुद्धा शास्त्राप्रमाणे कडधान्यातच मोडतो, त्यामुळे काकडीच्या कोशिंबिरीत कूट घालायचं नाही. माझ्या जावेला त्याच्यासाठी कोशिंबीर वेगळी, भाजी वेगळी आणि वर उकडलेली अंडी, असा दुसरा स्वयंपाक करावा लागतो. तोही ती करत होती. मग श्रावण लागला. त्या घरात महिनाभर अंडंही शिजत नाही. तेव्हा चिरंजिवांच्या पानात उरलं काय? पालक, काकडी, केळी आणि मूठ-मूठ बदाम. बदामाचा भाव काय आहे, हे जिमच्या यादीत छापलेलं नसतं.

हा आहार जिथून आला तिथलं जेवण कसं होतं, ते लक्षात घ्यायला हवं. वॉल्टर वोग्टलिन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५मध्ये अश्मयुगीन आहाराचा पुरस्कार केला. १९८५मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी संशोधकांचा लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला आणि विषयाला वजन आलं. २००२मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. या सगळ्यांच्या समोर जो माणूस होता त्याच्या ताटात मांस आधीपासून भरपूर होतं. त्याच्या ताटातून घेवडा काढला तर प्रथिनांत फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे रविवारी मटण करणारं घरही बाकीचे दिवस आमटी, उसळ, पिठल्यावर चालतं. तिथून डाळ काढली की पानाला भोकच पडतं.

आता पूर्वजांबद्दल. आमच्याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जव, मसूर, कुळीथ (म्हणजे आमचा हुलगा) यांचे जळके दाणे सापडले. आमच्याकडे आजही लोक हुलग्याचं माडगं पितात, ते उगाच नाही. पेलिओवाले म्हणतील, ही शेती म्हणजे कालपरवाची गोष्ट. बरं, आणखी मागे जाऊ. इराकच्या कुर्दिस्तानात शनिदार नावाची गुहा आहे. तिथल्या जळक्या अन्नाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा अहवाल २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी त्या गुहेत राहणारे निअँडरथल, म्हणजे अश्मयुगातले आपले चुलत मानव, रानटी कडधान्यं भिजवून, कुटून, शिजवून खात होते, असं त्यावरून दिसतं. इस्रायलमध्ये गॅलिली सरोवराकाठी ओहालो येथे २३ हजार वर्षांपूर्वीची माणसं रानटी जव दगडावर दळत होती. म्हणजे अश्मयुगातल्या माणसाने दाणा कधी तोंडात घातला नाही, हे खरं नाही. जिथे जे मिळेल ते तो खात होता. शेती आल्यावर अनेक ठिकाणी माणसांची उंची घटली, दात जास्त किडले, हे मात्र खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण एकाच धान्यावर पोट भरायची वेळ आली की असं होतं. डाळीचा त्यात दोष नाही.

(शेतीआधीचं जेवण आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून अळू, माठ, सुरण, पडवळ, भोपळा एकत्र शिजवतात. त्यातलं रताळं आणि मक्याचं कणीस अमेरिकेतून आलेलं, हे ऋषींना कोणी सांगायचं? पण तो नेम एका दिवसाचा असतो.)

लेखात कडधान्यांविरुद्ध दुसरा मुद्दा होता तो दाण्यांतल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाचा आणि फायटिक आम्लाचा. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं, हे बरोबर. पण राजमा कच्चा खातं कोण? रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, नीट उकळून शिजवला की ते लेक्टिन निकामी होतं. फायटिक आम्लामुळे लोह आणि जस्त अंगी लागायला अडचण येते, हेही बरोबर. मोड आणले किंवा पीठ आंबवलं की तेही कमी होतं. मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधून ठेवायची, दुसऱ्या दिवशी बोटभर मोड आले की फोडणीला टाकायची आणि वरून लिंबू पिळायचं. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह आणखी चांगलं शोषलं जातं. आपल्या बायकांनी हे कोणत्याही यादीशिवाय केलेलं आहे.

आणि आपल्या पानात डाळ जास्त झाली आहे का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या हिशेबाने आपल्या उष्मांकांपैकी ५० ते ७० टक्के धान्यांतून येतात, ते ४५ टक्क्यांच्या आत हवेत. डाळी, मांस, मासे मिळून यायला हवेत सुमारे १४ टक्के, येतात ६ ते ९ टक्के. दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा त्याऐवजी मांसाहार घ्यावा असं त्या सुचवतात. सहा माणसांच्या घरात एक वाटी तुरीची डाळ शिजते आणि तिचं पातळ वरण सगळ्यांना पुरवलं जातं. त्यात माणशी किती डाळ आली याचा हिशेब वाचकांनीच करावा. म्हणून भात कमी करा आणि वरण घट्ट करा, असा सल्ला आपल्याकडे द्यायला हवा. लेखाने दोन्ही काढायला सांगितलं.

पेलिओने वजन उतरतं याबद्दल वाद नाही. स्वीडनमध्ये उमिओ येथे ७० लठ्ठ, पाळी गेलेल्या स्त्रियांवर दोन वर्षं प्रयोग झाला. पहिल्या सहा महिन्यांत पेलिओ गटाची चरबी जास्त उतरली. दोन वर्षांनंतर वजनातला हा फरक ठळक उरला नाही, रक्तातली ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) मात्र कमी राहिली. लेखात फक्त पहिला अर्धा भाग आला. आणखी एक, पेलिओच्या बाजूने पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटाचं उदाहरण नेहमी देतात. तिथे हृदयविकार जवळजवळ आढळला नाही, हे खरं. पण ते लोक पोट भरायचे ते याम, रताळी आणि अळकुड्यांवर. मांसाचे ढीग तिथे नव्हते.

सगळ्यात जास्त खटकलं ते न लिहिलेलं. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, तेव्हा आपल्या वाचकांतही असणारच. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कोणी उत्साहाने एकदम भाकरी-भात बंद केला तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत घसरू शकते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने अंडी-चिकनचा मारा करणंही बरं नव्हे. पन्नाशीपुढच्या बाईने दूध, ताक आणि नाचणी सगळं एकाच वेळी सोडलं तर कॅल्शियम कुठून मिळवायचं, याचं उत्तर लेखात नव्हतं.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या रविवारी त्याच पानावर एक चौकट द्यावी. गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये, एवढं ठळक अक्षरात छापावं. आणि शाकाहारी माणसाने, किंवा श्रावण पाळणाऱ्याने, कडधान्याशिवाय रोजची पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं कशी भरून काढायची, हे लेखकाने शिरूरच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून लिहून दाखवावं. जमलं तर मी माझ्या जावेला कात्रण देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, शिरूर (जि. पुणे)