दिव्याच्या खांबावरचे झेंडे

बेलफास्ट,
जूनअखेर

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं, आणि मामांनी ग्रुपवर टाकलेला जळत्या गाडीचा व्हिडिओ बेलफास्टचाच असला तरी जुना आहे. आमच्या गल्लीत काहीही झालेलं नाही. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की एका फडक्यासाठी माणसं डोकी कशी फोडतात, आणि तू तिथे राहतेस तरी कशाला. दुसऱ्याचं उत्तर पगार. पहिल्याचं सविस्तर देते, कारण ऑफिसात झेंडे आणि चिन्हांचे नियम सांभाळणं माझ्याचकडे आहे.

सध्या इथे, म्हणजे ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये, झेंडे लावायचे दिवस आहेत. १६९० सालच्या बॉइनच्या लढाईत प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सला हरवलं, त्या विजयाच्या मिरवणुका १२ जुलैला निघतात. त्याआधी काही आठवडे शिड्या घेऊन माणसं फिरतात आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी झेंडे आवळतात. ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणारे ते युनियनिस्ट, बहुतेक प्रोटेस्टंट; त्यांच्या वस्तीत ब्रिटनचा झेंडा, युनियन जॅक. आयर्लंड एक व्हावं म्हणणारे नॅशनलिस्ट, बहुतेक कॅथलिक. त्यांच्याकडे आयर्लंडचा हिरवा-पांढरा-नारिंगी तिरंगा. काही ठिकाणी फुटपाथच्या कडेचे दगडसुद्धा ओळीने लाल, पांढरा, निळा असे रंगवलेले असतात. खांब सरकारी खात्याचे, पण परवानगी कोणी मागत नाही. खातंही सहसा काढायला जात नाही: शिडीवर चढणाऱ्या कामगाराच्या जिवाची हमी कोण घेणार, आणि एक काढला तर दुसऱ्या दिवशी दहा लागतात.

गंमत पुढे आहे. युनियन जॅकला उलटसुलट असतं. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात रुंद पांढरा पट्टा वर यायला हवा, नाहीतर झेंडा उलटा. खांबांवरचे कितीतरी उलटेच असतात. ऑक्टोबरपर्यंत वाऱ्यापावसाने त्यांच्या चिंध्या होतात आणि लावणारे काही उतरवायला येत नाहीत. एवढा जीव, तर मग ही अवस्था का? कारण खांबावरचा झेंडा पूजेचा नसतोच, तो हद्दीचा दगड असतो. चिंधी झाली तरी "ही गल्ली कोणाची" हे सांगायचं काम ती करतेच.

तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते उत्तर इथेच आहे. पैसा, घरं, नोकऱ्या यांची वाटणी करता येते. झेंडा एकतर वर असतो नाहीतर नसतो. त्यामुळे तिथे थोडं हरणं, थोडं जिंकणं जमत नाही.

आणि सरकारने बोट लावलं की फडकं जड होतं. १९५४च्या कायद्याने इथे युनियन जॅकला संरक्षण दिलं आणि शांतताभंगाची शक्यता वाटली तर दुसरा कुठलाही झेंडा उतरवायचा अधिकार पोलिसांना दिला. १९६४मध्ये बेलफास्टच्या नॅशनलिस्ट वस्तीतल्या डिव्हिस स्ट्रीटवर एका निवडणूक कचेरीच्या खिडकीत आयर्लंडचा तिरंगा होता. इयन पेझ्ली या कट्टर युनियनिस्ट धर्मोपदेशकांनी मोर्चा आणायची धमकी दिली, पोलिसांनी आत घुसून तो काढला. लोकांनी पुन्हा लावला, पोलिसांनी पुन्हा काढला, आणि दंगल पेटली. तो कायदा १९८७ साली गेला. त्या तिरंग्याचा अर्थही ऐकण्यासारखा आहे: हिरवा कॅथलिकांचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा आणि मधला पांढरा दोघांमधल्या सलोख्याचा. १८४८मध्ये तो पहिल्यांदा फडकवला तेव्हा ज्यांना जवळ घ्यायचं होतं, त्यांनाच आज तो खुपतो.

तडजोडीचे प्रयोगही झाले. पहिला, दिवस वाटून घ्यायचे. सिटी हॉलवर १९०६पासून युनियन जॅक रोज असायचा. ३ डिसेंबर २०१२ला महापालिकेने २९ विरुद्ध २१ मतांनी ठरवलं की तो ठरावीक दिवशीच लावायचा, वर्षाला सुमारे १८. नॅशनलिस्टांना तो कायमचा उतरवायचा होता. दोन्हीकडचा नसलेल्या अलायन्स पक्षाने हा मधला मार्ग सुचवला. हल्ले झाले ते अलायन्सच्याच कचेऱ्यांवर, आणि निदर्शनं महिनोन्महिने चालली. हिशेबाने १८ दिवस झेंडा होताच, पण ज्याचं रोजचं गेलं त्याला उरलेलं दिसत नाही.

दुसरा प्रयोग, सगळ्यांचं सगळं घ्यायचं. २००१मध्ये पोलीस दलाचं नाव बदललं, तेव्हाच्या नव्या बिल्ल्यावर ब्रिटिश मुकुट, हार्प हे आयरिश तंतुवाद्य, शॅमरॉक हे आयरिश तीनपानी गवत, तराजू, मशाल आणि ऑलिव्हची फांदी असं सहाच्या सहा घातलं. दिसायला भाजी मंडई, पण टिकलं. तिसरा, कोणाचंच नाही असं काहीतरी शोधायचं. विधानसभेच्या चिन्हावर जवसाची सहा फुलं आहेत, सहा परगण्यांसाठी एकेक. जवसापासून लिनन होतं आणि लिननच्या गिरण्यांवर हे शहर वाढलं. त्या फुलांवरून कोणी भांडत नाही. त्यांच्यासाठी कोणी रडतही नाही, आणि मला वाटतं दोन्हींचं कारण एकच.

बाबा, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव १९७८चा, आणि प्रत्यक्षात नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, तेही आधीचं "मराठवाडा" ठेवून. मधे ज्यांची घरं जळाली त्यांना "नुसतं नाव तर आहे" म्हणायची कोणाची छाती आहे? मग इथल्या लोकांनाच वेडं का म्हणायचं?

ऑफिसचं थोडक्यात. दहापेक्षा जास्त माणसं असतील तर कोण कोणत्या समाजाचा याची नोंद ठेवून दरवर्षी आकडे कळवावे लागतात. सेल्टिक (कॅथलिकांचा लाडका संघ) किंवा रेंजर्सचे (प्रोटेस्टंटांचा) फुटबॉलचे शर्ट कामावर चालत नाहीत. नोव्हेंबरात कोटावर युद्धात पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या आठवणीचं कागदी पॉपीचं फूल, मार्चमध्ये आयरिश सणाचं शॅमरॉक, याला सहसा हरकत नसते. मोसम संपला की मात्र काढा म्हणून सांगावं लागतं, आणि सांगायला मी सोयीची. मी दोन्हीकडची नाही ना!

आता हेही लिहिते, नाहीतर मामाच सांगतील. ३ ऑगस्ट २०२४ला इथे बाहेरून आलेल्यांच्या विरोधात मोर्चा निघाला आणि त्या रात्री अशा लोकांची काही दुकानं जाळली गेली. मोर्चात युनियन जॅक आणि तिरंगा शेजारी शेजारी होते. एरवी एका रस्त्यावर न मावणारे! तेव्हा फोनवर बोलले नाही, कारण तुम्ही रात्रभर जागला असतात. आता सगळं शांत आहे. शेजारच्या आजी माझी पार्सलं घेऊन ठेवतात, माणसं चांगली आहेत. आईला एवढंच सांगा.

कर्जाचा हप्ता आणि हॉलच्या आगाऊ रकमेचे असे मिळून साठ हजार पाठवलेत, जमा झाले की कळवा. दादाच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा एकदाच मिळेल आणि ती डिसेंबरच्या लग्नासाठी राखली आहे. वहिनीची साडी माझ्याकडून, चांगली पैठणी घ्या, किंमत बघू नका. पत्रिकेवर आधी कोणाचं कुलदैवत यावरून व्याह्यांशी ताणू नका, दोन्ही एकाच ओळीत छापा. आई, तू पाठवलेला फोटो पाहिला. मुलगा बरा वाटतो, पण डिसेंबरच्या आत मी काहीच बोलणार नाही आणि त्यांनाही तसंच कळवा. बाबा, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन या, त्याचे पैसे वेगळे पाठवते, हप्त्यातून काढू नका.

तुमची,
शुभा