कमळाच्या पानाला चीर नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला कमळाच्या कुळावरचा लेख वाचून संताप आला. लेखाशेजारचा फोटो कमळाचा नाहीच, वॉटर लिलीचा आहे. पाण्याला चिकटून तरंगणारे, कडेपासून देठापर्यंत चिरलेले पान त्यात स्वच्छ दिसते. मजकुरातही कमळ, कुमुद, निळे कमळ सगळे एकाच कुळात कोंबून लेखक मोकळे झाले. यशवंत सागर तलावाच्या पाण्यावरचे, कमळांनी भरलेले गुलावट इंदूरहून तासाभराच्या आत गाठता येते. तिथून खऱ्या कमळाचा एक फोटो मागवता आला नाही?

एरवी मी पत्र लिहिले नसते. पण याच चिरेपायी गेल्या महिन्यात माझ्या नातीचे गुण कापले गेले. ती सातवीत आहे. आम्ही गुलावटला गेलो तेव्हा नाववाल्याने तिला एक पान लांब देठासकट काढून दिले. घरी आणून मोठ्या परातीत ठेवले तर ते परातीबाहेर आले. कडा अखंड गोल, देठ खालून बरोबर मध्यावर जोडलेला आणि तिथूनच शिरा चहूबाजूंना गेलेल्या. वर पाणी ओतले की पाऱ्यासारखे थेंब पळत, पान कोरडेच्या कोरडे. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला, आणि दोन तुकडे हलकेच ओढले तर मध्ये बारीक तंतू ताणले गेले. कापलेल्या तोंडावर हवेच्या नळ्यांची भोके. पोरीने दिसले तसे वहीत काढले. बाईंनी लाल पेनने फुली मारून लिहिले, 'पानाला चीर दाखवा', कारण वर्गातल्या तक्त्यावर चीर आहे! मी ते पान घेऊन शाळेत गेले. 'परीक्षेत तक्त्याप्रमाणेच काढावे लागेल,' एवढेच ऐकून परत आले. काल तुमचा फोटो पाहून नात म्हणाली, 'आजी, पेपरातपण चीर आहे, मग माझंच चुकलं ना?' संपादक महोदय, तिला मी काय सांगायचे?

कमळाचे कुळ निलंबोनेसी. त्यात आज एकच प्रजाती, निलंबो, आणि तिच्या दोनच जाती: आपले गुलाबी-पांढरे कमळ आणि अमेरिकेतले पिवळे. निळे कमळ म्हणून जे दाखवतात ती वॉटर लिली. बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जुन्या वर्गीकरण पद्धतीत ही दोन्ही एकत्र होती, आम्ही कॉलेजात तसेच शिकलो. पण १९९८ च्या एपीजी (फुलझाडांची नाती तपासणारा शास्त्रज्ञांचा गट) वर्गीकरणात कमळ थेट चिनार आणि सिल्व्हर ओकच्या गणात, म्हणजे कुळांच्या वरच्या गटात, गेले. डीएनएने हे ठरवले, आणि परागकणही तेच सांगतात: कमळाच्या परागकणाला तीन खाचा असतात, लिलीच्या बहुधा एकच. कमळाची पाने आणि फुले पाण्याच्या वर उभी राहतात. फुलाच्या मध्यावर उलट्या शंकूसारखी सपाट माथ्याची बैठक असते आणि तिच्या खळग्यांत एकेक बी. पूजेच्या दुकानात मिळणारा कमलगट्टा तो हाच. चीनमधल्या एका कोरड्या तळ्यात मिळालेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवले आहे. शिवाय हे फूल स्वतः ऊब तयार करते; बाहेर १० अंश असले तरी आत ३० च्या वर तापमान राखते. हे सारे सोडून लेखात फक्त देवीचे आसन आणि चिखलातली शुद्धता! भक्तीला माझा विरोध नाही, पण शीर्षकात 'कुळ' लिहिले होते ना?

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीत, पाककृतीच्या पानावर, मखाणे म्हणजे 'कमळाचे बी' असे छापले आहे. इथल्या सियागंज बाजारातले काही दुकानदारही असेच सांगतात, म्हणून ते खरे होत नाही. मखाण्याचे झाड काटेरी पानांचे, वॉटर लिलीच्या कुळातले, आणि बिहारच्या मिथिलेत ते मोठ्या प्रमाणावर होते. श्रावणात घरोघरी मखाणे खातात, निदान ते कशाचे ते तरी नीट छापा.

दोन्ही दुरुस्त्या येत्या रविवारी याच पुरवणीत, गुलावटच्या पानाच्या फोटोसह आणि लेखाइतक्याच ठळकपणे याव्यात. आतल्या पानाच्या कोपऱ्यातली दोन ओळींची चौकट मला मान्य नाही. ते कात्रण घेऊन मला पुन्हा शाळेत जायचे आहे.

आपली,
एक आजी, रामबाग, इंदूर