आतून कडी नसलेले वर्ग

मा. संपादक,

पेशावर येथील शाळेवर डिसेंबर २०१४ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने शाळांसाठी सुरक्षाविषयक सूचना काढल्या. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पश्चिम बंगालमधील मालदा जिल्ह्यात एक जण पिस्तूल घेऊन भरलेल्या वर्गात शिरला आणि एका पोलीस अधिकाऱ्याने झडप घालून त्याला पकडले, म्हणून अनर्थ टळला.

गेल्या आठवड्यात नातवाला आणायला परभणी तालुक्यातील त्याच्या शाळेत गेलो असता फाटक सताड उघडे होते, आवारभिंत एका बाजूने पडलेली होती आणि मी कोण, हे मला कोणीही विचारले नाही. त्याहून खटकली ती वर्गांची दारे. कडी-कोयंडा केवळ बाहेरून. आतून साधी खिट्टीसुद्धा नाही. म्हणजे सुटीत पंखे चोरीला जाऊ नयेत याची सोय आहे, आतल्या मुलांची नाही. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने सीसीटीव्ही सक्तीचे केले, ते योग्यच. पण कॅमेरा दार लावत नाही.

प्रत्येक दाराला आतून कडी बसवावी, आणि धोक्याच्या इशाऱ्याची घंटा कशी वाजेल, मुलांनी खिडकीपासून दूर कुठे बसायचे, ११२ वर फोन कोणी करायचा, हे ठरवून स्थानिक पोलीस ठाण्याच्या मदतीने त्याचा सराव घ्यावा. पहिली-दुसरीच्या मुलांसमोर बंदुकीचे नावही काढू नये. आवारात पिसाळलेले कुत्रे शिरले आहे, एवढे सांगूनही तो सराव होतो. दिवाळीच्या सुटीत कड्या बसवून घेण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीने हाती घ्यावे.

– एक निवृत्त शिक्षक, परभणी