लोकलच्या डब्यात १४४१६ हा नंबर लावा

महोदय,

दरवर्षी १० ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या आसपास वर्तमानपत्रांत ताणतणावावर लेख येतात. 'फार विचार करू नका', 'सकारात्मक राहा', 'छंद जोपासा' असं त्यांत सांगितलेलं असतं. हेतू चांगलाच असतो. पण धावत्या गाडीत ज्याला एकाएकी वाटतं की आता आपला जीव जाणार, त्याला या सल्ल्याचा काही उपयोग होत नाही. मला तसं व्हायचं, म्हणून हे पत्र.

मी डोंबिवलीची. फोर्टमधल्या एका कचेरीत अकाउंट्सला आहे. काही वर्षांपूर्वी सकाळची फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात थांबली आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. बोटांना मुंग्या, घशाला कोरड, आणि हा हार्ट अटॅकच याची पक्की खात्री. पुढे ईसीजी झाला, थायरॉइड तपासून झालं. सगळं नॉर्मल. 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे ऐकून बरं वाटलं, पण मग जे होत होतं ते काय, हे कोणी सांगितलं नाही.

मी स्लो गाडी धरू लागले. दर स्टेशनला उतरायची सोय. घरचे म्हणाले, "जिवापेक्षा ऑफिस मोठं आहे का? जा सावकाश." मग गर्दीची वेळ नको झाली, मग आतली सीट नको, मग एकटीनं जाणंच नको. २०२२ मध्ये नव्या मार्गिका सुरू झाल्या आणि फास्ट लोकल बोगदा सोडून मुंब्र्याकडून जाऊ लागल्या. ज्याची भीती होती तेच वाटेतून गेलं. तरी भीती गेली नाही. ती कळवा आणि ठाण्याच्या मधल्या खाडीपुलावर येऊन बसली. प्रश्न बोगद्याचा नव्हता हे मला तेव्हा कळलं.

ठाण्यातल्या एका समुपदेशक बाईंनी ते पहिल्यांदा नीट उलगडून सांगितलं. घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. ही भीती बहुतेक वेळा काही मिनिटांत कळसाला पोचते आणि मग आपोआप उतरते. पण ती उतरण्याआधीच आपण गाडीतून उतरलो, तर मन एवढंच शिकतं की 'उतरले म्हणून वाचले'. पुढच्या वेळी ते आणखी लवकर घाबरतं. म्हणून त्यांनी पायऱ्या आखून दिल्या. आधी दुपारच्या रिकाम्या गाडीनं कळवा ते ठाणे. मग दिवा ते ठाणे. मग फोन पर्समध्ये ठेवून, नवऱ्याला न लावता. शेवटी सकाळची फास्ट, आतली सीट. नियम एकच होता: भीती चढत असताना उतरायचं नाही. डॉक्टरांनी काही महिने गोळ्याही दिल्या आणि त्यांनीच हळूहळू कमी करून थांबवल्या. यात सगळ्यात अवघड गेलं ते नवऱ्याला. 'राहू दे, मी सोडतो' म्हणायची त्याला सवय. तेही प्रेमानंच. आता तो 'जा, पोचलीस की सांग' म्हणतो, आणि त्यानं मला जो आधार वाटतो तो सोबतीनं कधी वाटला नव्हता. धडधड अजूनही कधी तरी होते. मी बसून राहते.

हे मी आमच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये सांगितलं, मटार सोलता सोलता. एक जण म्हणाली, ती लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही, रोज जिने चढते. दुसरी जावेच्या झोपेच्या गोळ्या घेत होती, डॉक्टरांना न विचारता. अशा बऱ्याच गोळ्यांची सवय लागते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वर्षानुवर्षं आम्ही शेजारी बसतो, चौथ्या सीटवरच्या बाईला सरकून जागा देतो, पण हे एकमेकींना माहीत नव्हतं.

मला खाजगी समुपदेशन परवडलं, तेही ओढाताण करून. माझा आरोग्यविमा दवाखान्यात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाही, आणि असल्या त्रासासाठी दाखल कोण होतं? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा द्यायला सांगितलं आहे. प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेतच मानसिक आरोग्याच्या सेवा द्यायच्या, असंही तो कायदा म्हणतो. मग महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जिथं रक्तदाब तपासतात, तिथं आठवड्यातून काही दिवस तरी समुपदेशक बसायला हवा. त्याची वेळ संध्याकाळची हवी, नोकरी करणाऱ्यांना जमेल अशी.

आणि रेल्वेला एक साधी विनंती. केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आमच्या ग्रुपमध्ये तो एकीलाही ठाऊक नव्हता. लेडीज डब्यात वशीकरण आणि 'सर्व समस्यांवर तोडगा' असल्या बाबांचे स्टिकर दाराशेजारी, सीटच्या वर, सगळीकडे चिकटवलेले असतात. ते खरवडून काढावेत आणि त्या जागी हा नंबर मोठ्या अक्षरांत मराठीतून लावावा. फक्त लेडीज डब्यात नको, जेन्ट्समध्येही. तिथं तर यावर कोणी बोलतही नाही.

– एक नियमित प्रवासी, डोंबिवली (पूर्व)